पिचर ढेपाळला म्हणतात तेव्हा: समजूत आकड्यांनी कशी तपासायची

बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ओळीने तीन सामने वाईट गेले की कारणं तयारच असतात. वेग गेला. बेसवर रनर (आउट न होता बेसवर पोचलेला बॅटर) आला की हात आखडतो. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की सापडतो. ऑक्टोबर, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, झेपत नाही. असं काही कानावर पडलं की मी आधी ते वाक्य लिहून काढते आणि आकडे नंतर उघडते. हा क्रम पाळाच. आकडे आधी पाहिले की समजूत त्यांच्या मापाने बेतली जाते. ‘जुलैपासून घसरलाय’ यातला जुलै बहुतेक वेळा आलेख बघूनच निवडलेला असतो.

लिहिलेलं वाक्य खोटं ठरू शकेल असं हवं. ‘आत्मविश्वास गेलाय’ हे तपासता येत नाही. ‘बेसवर रनर असताना त्याचे वॉक इतर पिचरांपेक्षा जास्त वाढतात’ हे येतं (चार चुकीचे चेंडू पडून बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो तो वॉक). त्यातले ‘इतर पिचरांपेक्षा’ हे शब्द गाळू नका, कारण बेसवर रनर असताना जवळपास सगळ्यांचेच आकडे बिघडतात. पहिल्या बेसवरच्या फिल्डरला रनरजवळ बेस धरून उभं राहावं लागतं, त्यामुळे मैदानाच्या उजव्या बाजूला फट पडते. पिचर पूर्ण विंडअप (लांबलचक हालचाल) सोडून स्ट्रेचमधून (आखूड हालचालीने) टाकतो. शिवाय बेस भरलेले असतात ते मुळात वाईट दिवशी. तुमच्या पिचरचा आकडा लीगच्या त्याच वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवा. ‘त्याच वर्षीच्या’ यासाठी, की नियम बदलतात. २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक वेळ) आला आणि इनफिल्डच्या शिफ्टवर (आतले फिल्डर एका बाजूला गोळा करण्यावर) मर्यादाही आली. त्या वर्षीच्या पिचरची तुलना २०२२ शी केली तर निम्मा फरक कदाचित नियमांचाच निघेल.

आता मुख्य गोष्ट. लोक ईआरए बघतात, म्हणजे दर ९ इनिंगला (एका पूर्ण सामन्यामागे) पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. या एका आकड्यात पिचर, फिल्डर, मैदान आणि योगायोग एकत्र कालवलेले असतात. २००१ मध्ये आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी मांडलं की चेंडू बॅटला लागून खेळात आला की पुढे त्याचा हिट होतो (बॅटर सुखरूप बेसवर पोचतो) की आउट, यात मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या, पिचरांमधला फरक फारच थोडा असतो. तेव्हा पुष्कळांना हे पटलं नव्हतं. नंतरच्या अभ्यासांत पिचरचा थोडा ताबा असतो असं दिसलं, पण मूळ मुद्दा टिकला. म्हणून खेळात आलेल्या चेंडूंवरची सरासरी, म्हणजे बॅबिप, वेगळी काढायची. ती स्वतः हाताने काढून बघा. समोर आलेल्या एकूण बॅटरांमधून वॉक, अंगाला चेंडू लागलेले, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट झालेले) आणि होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले) वजा करा. उरलेल्या संख्येने होमरन सोडून पडलेल्या हिट्सना भागा.

पिचर पेद्रो मार्टिनेझ घ्या. १९९९ मध्ये त्याने ८३५ बॅटरांना टाकलं: ३७ वॉक, ९ जणांना चेंडू लागला, ३१३ स्ट्राइकआउट, ९ होमरन, एकूण १६० हिट्स. खेळात आलेले चेंडू ४६७, त्यांवर १५१ हिट्स, म्हणजे ०.३२३. २००० मध्ये ८१७ बॅटर, ३२ वॉक, १४ जणांना चेंडू लागला, २८४ स्ट्राइकआउट, १७ होमरन, १२८ हिट्स. खेळात आलेले चेंडू ४७०, हिट्स फक्त १११, म्हणजे ०.२३६. चेंडू जवळजवळ तितकेच आणि हिट्स चाळीस कमी! ईआरए २.०७ वरून १.७४ वर आला, म्हणून २००० हा त्याचा सर्वोत्तम मोसम मानला जातो. पण होमरनला १३ ने, वॉक आणि अंगाला लागलेल्या चेंडूंच्या बेरजेला ३ ने गुणा, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंग्जनी भागा आणि ईआरएच्या पट्टीवर आणण्यासाठी साधारण ३.१ मिळवा. हा फिप, म्हणजे फिल्डरांचा हात वगळून काढलेला ईआरएसारखा आकडा. तो १९९९ ला १.३९ आणि २००० ला २.१७ येतो. माझ्या लेखी १९९९ चा पेद्रो जास्त भारी होता.

हे उदाहरण गाजलं ते टोकाचं आहे म्हणून, हेही लक्षात ठेवा. शेकडो पिचरांमधून टोक निवडलं की फरक अवाढव्य दिसणारच. साध्या मोसमाला साधं गणित पुरतं. लीगची बॅबिप साधारण ०.३०० असते. खेळात आलेले चेंडू १०० असतील तर ०.३ गुणिले ०.७ भागिले १०० याचं वर्गमूळ काढा. ते ०.०४६ येतं, इतका हेलकावा निव्वळ योगायोगानेही येतो. म्हणजे पाच-सहा सामन्यांत कुणाची बॅबिप ०.३४५ झाली तर काही घडलंय असं म्हणायला आधार नाही. ०.३९० झाली तर कान टवकारा. त्याच काळात स्ट्राइकआउटचं प्रमाण घसरलंय का ते मात्र जरूर बघा, कारण ते फार लवकर स्थिरावतं. स्ट्राइकआउट पूर्वीइतकेच आणि बॅबिप वर, तर मी थांबते. स्ट्राइकआउट कमी आणि वॉक जास्त, तर बॅबिप काहीही असो, काळजीचं कारण आहे.

‘चारच दिवसांची विश्रांती मिळाली की त्याला जमत नाही’ अशा समजुतींसाठी मला चिठ्ठ्या पिसण्याची पद्धत सगळ्यांत आवडते, कारण तिला कुठलंही सूत्र लागत नाही. समजा ३० सामने आहेत, १८ चार दिवसांच्या विश्रांतीनंतरचे, १२ जास्त दिवसांच्या. प्रत्येक सामन्यासाठी स्ट्राइकआउट वजा वॉक, भागिले बॅटर, असा एक आकडा स्प्रेडशीटमध्ये लिहा. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक नोंदवा. मग शेजारच्या रकान्यात यादृच्छिक संख्या भरून त्यानुसार सामने लावा आणि वरच्या १८ सामन्यांना ‘चार दिवस’ समजा. पुन्हा फरक काढा. असं हजार वेळा होऊ द्या. पिसलेल्या पानांतही २०० वेळा खऱ्याइतका किंवा त्याहून मोठा फरक आला तर विश्रांतीला दोष देऊ नका. आणि दिवस-रात्र, घर-बाहेर, कॅचर, मैदान अशा वीस गोष्टी चाळल्यात तर विसात एकदा घडणारी गोष्ट एखाद-दुसऱ्या ठिकाणी सापडणारच. किती गोष्टी चाळल्या तेही लिहून ठेवा.

तिसऱ्या फेरीची समजूत मात्र तपासणीत टिकते. लीगभर बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की जास्त मारतात. पण इथे एक सापळा आहे: तिसऱ्या फेरीपर्यंत पोचतो तो चांगला पिचर, तोही चांगल्या दिवशी. त्यामुळे सगळे सामने एकत्र केले की घसरण लपते. ज्या सामन्यांत तो तिसऱ्या फेरीपर्यंत गेला, फक्त त्याच सामन्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची, त्याच बॅटरांपुरती तुलना करा. २०२० च्या वर्ल्ड सीरिजच्या (मोसमाच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात टॅम्पा बेचा मॅनेजर केव्हिन कॅशने आपला पिचर ब्लेक स्नेलला ७३ पिचेसनंतर काढलं ते याच आकड्यांवर विसंबून. स्नेलने तोवर ९ स्ट्राइकआउट घेतले होते आणि दोनच हिट्स दिल्या होत्या. समोरचा संघ डॉजर्स ३-१ ने जिंकला. त्या एका निकालावरून तो निर्णय बरोबर होता की चूक हे ठरत नाही, आणि लीगची सरासरी त्या रात्रीच्या स्नेलला किती लागू होती हा प्रश्न उरतोच.

वेगाबद्दल थोडक्यात: बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर २०१५ पासूनचे आकडे फुकट मिळतात. पण २०१७ मध्ये मोजण्याची यंत्रणा बदलली आणि वेग हातातून सुटतानाचा धरला जाऊ लागला, म्हणून आकडे आपोआप थोडे वाढले. २०१६ आणि २०१७ ची थेट तुलना करू नका. महिना धरून तुलना करा, कारण एप्रिलमध्ये बरेच जण हळू टाकतात.

आणि आता डॉजर्सचा पिचर क्लेटन केर्शॉ, ज्याच्यावरून माझा भावाशी वाद कधी संपत नाही. नियमित मोसमांत ईआरए २.५३, पोस्टसीझनमध्ये, म्हणजे ऑक्टोबरच्या बाद फेरीत, साडेचारच्या आसपास, तेही दोनशेच्या जवळ इनिंग्जमध्ये. एका इनिंगमधल्या धावा ढोबळमानाने एका धावेने वरखाली होतात असं धरलं तर १९५ इनिंग्जना ईआरएचं हेलकावणं ९ ला १९५ च्या वर्गमुळाने भागून ०.६४ येतं. ऑक्टोबरमधले संघ तगडे असतात, म्हणून अपेक्षा ३ ची ठेवू. तरी दीडचा फरक उरतो, हेलकाव्याच्या दुपटीहून जास्त. निव्वळ योगायोग म्हणून हे झटकता येत नाही, भावाचं इतकं म्हणणं मी मान्य करते. पण मोठ्या पिचरांमध्ये कुणीतरी ऑक्टोबरात सगळ्यांत वाईट ठरणारच होता, आणि ज्याचं नाव आधीच गाजलंय त्याचीच आपण तपासणी करतो, तेव्हा दुपटीचं वजनही थोडं कमी धरावं लागतं.

‘दडपण’ हे कारण यातून सिद्ध होत नाही. २०१४ मध्ये सेंट लुइसविरुद्ध दोन्ही सामने सातव्या इनिंगमध्ये हातचे गेले. दुसऱ्यात तो तीनच दिवसांच्या विश्रांतीवर टाकत होता आणि मॅट ॲडम्सच्या होमरनआधी सहा इनिंग्ज त्याने एकही धाव दिली नव्हती. पहिल्यात त्याने बेसवर सोडलेला एक रनर पुढच्या पिचरवर पडलेल्या होमरनने आत आला आणि ती धाव त्याच्याच खात्यात गेली. दडपण म्हणायचं तर पहिल्या इनिंगपासून दिसायला हवं. म्हणून मी भावाला सांगितलं, त्याच्या पोस्टसीझनच्या प्रत्येक सामन्याचे पहिल्या सहा इनिंग्ज आणि सातवीपासून पुढच्या असे दोन भाग कर, आणि तेच दोन भाग नियमित मोसमातल्या शंभर पिचेसपर्यंत गेलेल्या सामन्यांचेही कर. पहिला भाग दोन्हीकडे सारखा निघाला तर प्रश्न मॅनेजरने त्याला कधी काढायचं हा होता. तोही बिघडलेला निघाला तर मी माझं वाक्य बदलेन.