सॅक रिकामी असतानाच काट्याला लावा
राजगड-तोरणा किंवा रतनगड-हरिश्चंद्रगड अशा दोन-तीन दिवसांच्या रेंज ट्रेकसाठी, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जाण्यासाठी, सॅक घेताना लोक आधी लिटर बघतात. मी आधी काटा बघतो. सामान तोलायचा हुकाचा काटा सोबत न्या आणि दुकानातच रिकामी सॅक लटकवा. ४०-४५ लिटरची सॅक सव्वा किलोच्या आत असली तर उत्तम. दोन किलो भरली तर एक सबंध दिवसाचा शिधा तुम्ही नुसत्या कापडा-चेनच्या रूपात वाहणार, असं समजा. साठ लिटरची तर घेऊच नका. जागा दिसली की आपला हात थांबत नाही.

पण हलकेपणापायी कमरेचा पट्टा पातळ चालणार नाही. दुकानात आठ-दहा किलो भरून बघा. पट्टा बेंबीपाशी नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. तो आवळल्यावर खांद्यावरचा भार लगेच उतरतो. नाही उतरला, तर सॅकच्या पाठीचं माप चुकलंय.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, आणि पाणी, शिधा, भांडी पाठीला चिकटून मध्यावर. राजगडाहून तोरण्याकडे जाताना धारेवर पाण्याची वानवा, त्यामुळे तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो, धरूनच चाला. जड माल बाहेरच्या कप्प्यात गेला की कातळ उतरताना सॅक मागे ओढते.

पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी झिरपतंच. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, स्वस्त आणि बिनवजनी.