पोराच्या कोपराची फिल्म: टाइप शेवटी सांगा

पोर पडलंय, कोपराच्या जरा वर हाड मोडल्याची (सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरची) शंका आहे. एक्स-रे फिल्म लाइटबॉक्सवर लागते न लागते तोच नवीन रेसिडेंट म्हणतो, "मॅडम, टाइप 1." म्हणजे गार्टलँडच्या 1 ते 3 वर्गवारीत तुकडा न सरकलेला. मी त्याला आधी विचारते, मनगटाची नाडी बघितलीस? अंगठा-तर्जनीचा गोल करून दाखवला का पोराने, म्हणजे नस शाबूत आहे ना? ते झालं की मग फिल्म.

लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेली फिल्म, खरंच लॅटरल आहे का बघा. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) खालच्या टोकाशी इंग्रजी आठचा आकडा दिसायला हवा. हात वळलेला असेल तर त्यावर नंतर काढलेल्या रेषांवर भरवसा नाही. पोर रडतंय म्हणून कशीबशी काढलेली फिल्म परत मागायला लाजू नका.

आता ह्युमरसच्या पुढच्या कडेवरून पट्टी ठेवून रेघ खाली न्या. ती कॅपिटेलमच्या, म्हणजे ह्युमरसच्या खालच्या टोकावरच्या गोल भागाच्या, मधल्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. कॅपिटेलम रेघेच्या मागे राहिलं, पण हाडाची मागची कड शाबूत असेल, तर गार्टलँडचा टाइप 2. चार वर्षांखालच्या पोरात मात्र रेघ पुढच्या तिसऱ्या भागातून गेली तरी ते नॉर्मल असू शकतं. आमचे वाद होतात ते इथेच, 1 की 2. टाइप 3 मध्ये तुकडा पार सुटलेला असतो, तिथे कोण भांडणार?

फ्रॅक्चरची रेघ दिसत नसेल तर हाडामागची काळी सावली शोधा, म्हणजे मागचा फॅट पॅड (सांध्यातली चरबीची गादी). पुढचा थोडा दिसला तर चालतं, मागचा नाही. स्कॅग्ज आणि मिर्झायान यांनी 1999 मध्ये अशी 45 मुलं छापली: मागचा फॅट पॅड वर आलेला, फ्रॅक्चर कुठेच दिसत नाही. नंतरच्या फिल्म्समध्ये 34 जणांत फ्रॅक्चर निघालं. म्हणून स्लॅब (प्लास्टरचा आधार) घाला आणि तीन आठवड्यांनी फिल्म परत काढा.

आपलं एकमत किती, हे बघायचं तर नाव-तारीख झाकून जुन्या फिल्म्स दोघांनी वेगवेगळ्या वाचा, कागदावर लिहा. मोठ्याने बोललात की ज्युनिअर मान डोलावणारच. काही आठवड्यांनी त्याच फिल्म्स क्रम बदलून पुन्हा वाचा. स्वतःशीच न जुळणारी उत्तरं निघतात. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. दोघेही शंभरातल्या नव्वदांना डोळे मिटून "फ्रॅक्चर" म्हणाले, तरी 82 टक्के जुळणी नुसत्या योगायोगाने होते. कोहेनचा कप्पा (kappa, जुळणी मोजायचा आकडा) हा योगायोग वजा करतो, तो काढा.

रिपोर्टमध्ये नुसतं "टाइप 1/2" नको. "वय 6, रेघ कॅपिटेलमच्या पुढच्या कडेला टेकते, मागची कड शाबूत, मागचा फॅट पॅड दिसतो" असं लिहा. सकाळी राउंडला सर दुसरा टाइप म्हणाले, तर मतभेद नेमक्या कुठल्या खुणेवर आहे ते कागदावरच सापडेल.