बेसबॉलमधील नियम आणि खेळाडूंची सुरक्षितता: अंमलबजावणीत या चुका टाळा

मेजर लीग बेसबॉलमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) खेळाडू जायबंदी होतात ते नियम अपुरे असल्यामुळेच, असे मानणे ही पहिली चूक होय. १० ऑक्टोबर २०१५ रोजी डॉजर्स संघाच्या चेस अटलीने डबल प्ले (एकाच खेळीत दोघांना बाद करणे) मोडण्यासाठी मेट्स संघाचा क्षेत्ररक्षक रुबेन तेहादाच्या पायांवर स्लाइड मारली, म्हणजे जमिनीवरून घसरत धडक दिली, आणि तेहादाच्या उजव्या पायाचे हाड मोडले. क्षेत्ररक्षकाला मुद्दाम अडथळा करणाऱ्या धावपटूविरुद्धचा नियम तेव्हाही पुस्तकात होता. पण अशा स्लाइडला जिगरबाज खेळ समजण्याची रीतच पडलेली असल्याने मैदानावर तो लागू झाला नाही. उलट, तेहादाचा पाय बेसला (धावपटूने गाठायच्या ठाण्याला) लागला नव्हता म्हणून रिव्ह्यूनंतर अटली सेफ (नाबाद) ठरला. पुढे जाहीर झालेले त्याचे दोन सामन्यांचे निलंबनही नंतर मागे घेण्यात आले.

हेतू सिद्ध होण्याची वाट पाहणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागडी. २०१६ च्या स्लाइडच्या नियमाने ती बऱ्याच अंशी दूर केली. धावपटूने बेसच्या आधी जमिनीवर यावे, बेसवर पोहोचून तिथे थांबण्याचा प्रयत्न करावा आणि क्षेत्ररक्षकाला धडकण्यासाठी वाट बदलू नये, एवढे पंचाला डोळ्यांनी दिसते. उल्लंघन झाल्यास धावपटूबरोबर बॅटरही बाद होतो. बॅटरच्या अंगावर टाकलेल्या चेंडूबाबत मात्र पंचाला आजही पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) मनात शिरावे लागते. अशा वेळी दोन्ही संघांना ताकीद देण्याचा अधिकार पंचाने दुसऱ्या संघाकडून परतफेडीचा चेंडू पडण्याआधी वापरावा.

हंगामाच्या मध्यावर अचानक कडक होणे हीदेखील चूकच. चेंडूला चिकट पदार्थ लावण्यावर जुनीच बंदी असताना वर्षानुवर्षे काणाडोळा झाला आणि २१ जून २०२१ पासून पिचरांची तपासणी सुरू झाली. चिकट पदार्थाविना चेंडूवरची पकड बदलावी लागल्यामुळेच कोपराला दुखापत झाली, असे टॅम्पा बे संघाचा पिचर टायलर ग्लॅसनाऊ याने जाहीरपणे सांगितले. त्याचे म्हणणे सिद्ध करणे कठीण असले, तरी पिच क्लॉक (चेंडू टाकण्यासाठीची वेळमर्यादा दाखवणारे घड्याळ) जसे आधी मायनर लीगमध्ये (खालच्या दर्जाच्या स्पर्धांत) वापरून २०२३ च्या हंगामाच्या आरंभी आणले, तशी उसंत याही बाबतीत देता आली असती.

शेवटची चूक संदिग्ध शब्दांची. मे २०११ मध्ये होम प्लेटवरील (धाव पूर्ण होते त्या शेवटच्या ठाण्यावरील) धडकेत जायंट्स संघाचा कॅचर (बॅटरमागे बसणारा क्षेत्ररक्षक) बस्टर पोझी घोट्याला गंभीर दुखापत होऊन उरलेल्या हंगामाला मुकला आणि २०१४ मध्ये अशा धडकांना आळा घालणारा नियम आला. मात्र कॅचरने पाय नेमका कुठे ठेवावा याबद्दल पहिल्याच हंगामात इतके वाद झाले की सप्टेंबरमध्ये लीगला स्पष्टीकरण काढावे लागले. तसे स्पष्टीकरण, शक्यतो चित्रफितींसह, सरावाच्या शिबिरातच कॅचर आणि पंच या दोघांसमोर ठेवावे.