एसएमपीएसची घरघर

ऐरोलीच्या घरी पीसी लावला की घुर्रर्र आवाज यायचा, आई शेजारच्या खोलीतून विचारायची, "मिक्सर चालू आहे का रे?" वर्तमानपत्राची सुरळी कानाला लावून ऐकलं, आवाज थेट एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून. जड गेम लावला तरी सूर तसाच, म्हणजे कॉइलची (आतल्या तारेच्या वेटोळ्याची) शिट्टी नसावी, ती सहसा लोडनुसार बदलते. मग कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबला आणि आवाज एकदम बसला! एसएमपीएस धरून ठेवणाऱ्या मागच्या चार स्क्रूंपैकी दोन ढिले होते. पंख्याच्या थरथरीने पत्रा वाजत होता. प्लग काढून स्क्रू आवळले, जाळीतली धूळ ब्रशने झाडली. घुरघुर गेली. एसएमपीएस मात्र उघडू नका हं, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज उरू शकतो.