इमोजी, स्मायली आणि शॉर्टफॉर्म: समोरच्याला नेमकं काय म्हणायचंय ते कसं ओळखावं

‘पाठ करा हे ५०० शॉर्टफॉर्म’ छापाची एखादी यादी जपून ठेवली असेल, तर आधी ती पुसून टाका. त्यातले बरेचसे शॉर्टफॉर्म कुणी वापरत नाही आणि जे वापरतात त्यांचा अर्थ यादीत दिलाय तेवढ्यावर थांबत नाही. रोजच्या गप्पांना वीस-पंचवीस शॉर्टफॉर्म पुरतात. बाकीचे अडले की बघायचे. आणि खरी गोची अक्षरांपाशी होतच नाही. ‘बरं’ आणि पुढे एक हसरा चेहरा, एवढाच मेसेज आला की ही व्यक्ती खूश आहे, चिडली आहे की नुसती घाईत आहे, तिथे माणसं अडकतात. म्हणून अक्षरांचं काम आधी उरकून टाकू.

१. शॉर्टफॉर्म सुटा वाचू नका, वाक्यातली जागा बघा

मताच्या आधी आलेला आयएमओ म्हणजे ‘इन माय ओपिनियन’, माझ्या मते. त्यात एच घुसला तर तो ‘हंबल’चा की ‘ऑनेस्ट’चा यावर लोक अजून भांडतात, तुम्ही भांडू नका, अर्थ ‘माझ्या मते’च राहतो. टीबीएच म्हणजे खरं सांगायचं तर. गप्पा मध्येच थांबवताना बीआरबी, आलोच परत. पुरत्या थांबवताना टीटीवायएल, नंतर बोलू. एएफके म्हणजे माणूस कीबोर्डपासून उठून गेलाय, उत्तराची वाट बघू नका.

कामाच्या मेसेजमधले मात्र नीट वाचा, कारण त्यात तुमच्याकडून काहीतरी हवं असतं किंवा नसतं. एफवायआय म्हणजे फक्त माहितीसाठी, काही करायचं नाही. एएसएपी म्हणजे जमेल तितक्या लवकर, आणि पाठवणाऱ्याच्या मनात ते बहुतेक वेळा ‘आत्ताच’ असतं. ईओडी म्हणजे दिवस संपेपर्यंत. माणसं वेगवेगळ्या देशांत बसली असतील तर कुणाचा दिवस, हे तिथल्या तिथे विचारा. आणि एनएसएफडब्ल्यू, म्हणजे कामाच्या ठिकाणी बघण्याजोगं नाही, असं दिसलं की चारचौघांत ती लिंक उघडू नका. ही अक्षरं माहीत नसण्याची किंमत फार लवकर कळते.

एकाच शॉर्टफॉर्मचे दोन अर्थ असतील तर विषय निकाल देतो. बँकेच्या मेसेजमधला ओटीपी हा पासवर्ड असतो. मालिकांच्या चाहत्यांच्या गप्पांत ओटीपी म्हणजे आपली सर्वांत लाडकी जोडी. डीएम म्हणजे थेट खासगी मेसेज. डॉक्टरांच्या कागदावर तोच मधुमेह होतो. एलओएलचं उदाहरण तर जगजाहीर आहे. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन मेसेजच्या शेवटी एलओएल लिहायचे, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून. त्याचा खरा अर्थ मोठ्याने हसणे असा आहे हे कळल्यावर त्यांनी ते थांबवलं, अशी साक्ष २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वागणुकीवरच्या लेव्हसन चौकशीत नोंदवली गेली.

जाता जाता: हे सगळं आजच्या पोरांचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर १९१७ सालचं एक पत्र दाखवा. ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल जॉन फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या त्या पत्रात ओएमजी आहे. पुढे कंसात त्याची फोडही आहे, ‘ओह माय गॉड’. वयाची शहात्तरी गाठलेला माणूस होता.

२. अडलंच तर शोधा, पण शहाणपणाने

नुसता शॉर्टफॉर्म शोधू नका, सोबत विषयाचा एखादा शब्द टाका. अर्बन डिक्शनरी या, लोकांनीच अर्थ भरलेल्या ऑनलाइन कोशातलं पहिलं उत्तर बरोबर असतंच असं नाही. तिथे कुठला अर्थ वर आणि कुठला खाली हे लोकांच्या मतांवर ठरतं, त्यामुळे चावट किंवा गमतीदार अर्थ वर चढून बसतात. इमोजी अडला तर तो कॉपी करून इमोजीपीडिया या इमोजींच्या ऑनलाइन कोशात टाका.

३. चिन्हांचे चेहरे: मान कधी वाकवायची

:-) आणि :-( ही जोडी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवली. कारण अगदी व्यवहारी होतं: विद्यापीठाच्या संगणकावरच्या चर्चेत विनोद कुठला आणि गंभीर कुठलं हे लोकांना कळेना. हे चेहरे मान डावीकडे कलवून वाचायचे. ;-) म्हणजे डोळा मारला, :-/ म्हणजे पटलं नाही किंवा संभ्रम, :'( म्हणजे रडू.

जपानी धाटणीचे चेहरे सरळच वाचायचे आणि त्यांत तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघायचं. (^_^) आनंदी, (;_;) रडका, (>_<) कळवळलेला. तिन्हींत तोंड तेच, एक आडवी रेघ. बदलतात ते डोळे. होक्काइदो विद्यापीठातले मसाकी युकी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं की चेहऱ्यावरची भावना वाचताना जपानी लोक डोळ्यांवर जास्त भर देतात आणि अमेरिकन लोक तोंडावर.

४. तुम्हाला दिसतंय तेच त्याने पाठवलंय का?

इमोजी हे चित्र म्हणून प्रवास करत नाही. प्रवास करतो तो युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाचा, क्रमांक, आणि चित्र काढतो तुमचा फोन. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींचा मोठा संच स्वीकारला म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर ते पोहोचू लागले, पण चेहरा कसा काढायचा हे ज्याच्या त्याच्या हातात राहिलं. सॅमसंगच्या फोनवर डोळे फिरवणारा वैतागलेला चेहरा काही वर्षं गालातल्या गालात हसणारा दिसायचा. २०१८ मध्ये त्यांनी तो बदलला. ॲपलने २०१६ मध्ये पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली. बाकीच्या बड्या कंपन्या त्या वाटेने येईपर्यंत २०१८ उजाडलं. मधल्या काळात एकाने खेळणं पाठवलं की दुसऱ्याला बंदूक दिसायची.

तेव्हा एखादा चेहरा संदर्भाशी अजिबात जुळत नसेल तर रागवण्याआधी त्याचं रूप दुसऱ्या फोनवर बघा. चौकोनी डबा दिसत असेल तर तुमचा फोन जुना आहे, एवढाच त्याचा अर्थ. निळ्या थेंबांचा घोळही इथेच सोडवा: नाकाशी निळा फुगा असलेला चेहरा रडत नाहीये, झोपलाय. जपानी चित्रकथांत झोप तशी दाखवतात. पण अधिकृत नाव म्हणजे अंतिम अर्थ असंही समजू नका. नाकातून वाफ सोडणाऱ्या चेहऱ्याचं युनिकोडमधलं नाव विजयाची ऐट दाखवणारं आहे, आणि बहुतेक लोक तो संतापासाठी वापरतात.

५. सूर ओळखणं

इथे घाई करू नका. माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला, आणि सर्वांत रद्दी सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. ‘अंगठा म्हणजे तुसडेपणा’, ‘किंचित हसरा चेहरा म्हणजे टोमणा’, ‘कवटी म्हणजे हसून मेलो’ अशी कोष्टकं फिरत असतात. प्रत्येक कोष्टक कुठल्या तरी गटापुरतं खरं असतं आणि त्या गटाबाहेर साफ चुकतं.

कोष्टकाऐवजी त्या माणसाची सवय बघा. संभाषण वर सरकवा आणि बरं चाललं होतं तेव्हा तो काय लिहायचा ते वाचा. जो माणूस प्रत्येक मेसेजच्या शेवटी जोडलेले हात टाकतो, त्याच्या लेखी ते हात म्हणजे पूर्णविराम. त्यात विनंती शोधू नका, आभारही नकोत. जी मैत्रीण एरवी हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीने पाठवते, तिच्याकडून एकच किंचित हसरा चेहरा आला तर मात्र थांबा. चेहरा सौम्यच आहे, पण तिच्या नेहमीच्या रीतीत बसत नाही. अर्थ चिन्हात नसतो, सवयीतून झालेल्या बदलात असतो. नवख्या माणसाचा सूर चिन्हांवरून ओळखायला जाऊच नका. त्याची सवय तुम्हाला ठाऊक नाही, म्हणजे मोजपट्टीच नाही.

वय उपयोगी पडतं, पण अंदाजाची सुरुवात म्हणूनच. तरुण मंडळींत कवटी आणि धाय मोकलून रडणारा चेहरा हे दोन्ही हसण्यासाठी चालतात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा, ज्याला ऑक्सफर्ड डिक्शनरीजने २०१५ चा ‘वर्षाचा शब्द’ ठरवलं, तो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आता म्हातारा वाटतो. उलट काका-मावशींच्या पिढीने रडका चेहरा पाठवला तर तो बहुधा खरंच रडका असतो. म्हणून दुःखाच्या बातमीखाली कुणी भलताच चेहरा टाकला तर आधी असं धरून चाला की त्यांना तो चेहरा वेगळा दिसतोय. बहुतेक वेळा तेच निघतं.

मग चिन्हाची जागा बघा. वाक्यानंतर आलेला चेहरा वाक्याचा सूर सांगतो. नुसता आलेला चेहरा हे उत्तर असतं. आणि तुमच्याच मेसेजला चिकटवलेली प्रतिक्रिया ही बहुतेकदा पोच असते: वाचलं, पुढे चला. या तिसऱ्या प्रकारावरून मनात काहीबाही आणणारे लोक मला अजिबात समजत नाहीत. वीस जणांच्या ग्रुपवर प्रत्येकाने ‘वाचलं’ असं लिहायचं का?

पूर्णविरामही बोलतो. ‘हो’ आणि ‘हो.’ यांत फरक वाटतो तो तुमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. पण तो प्रयोग इंग्रजी मेसेजांवर आणि विद्यार्थ्यांवर झाला होता. ज्यांनी उभं आयुष्य पत्रं लिहिली, ती माणसं सवयीने पूर्णविराम देतात. म्हणजे इथेही पुन्हा सवयच बघायची.

शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरंच, तेव्हा काय? माझा नियम साधा आहे. वस्तुस्थितीसाठी शब्दांवर विश्वास ठेवा, मनःस्थितीसाठी चेहऱ्यावर. ‘आज फाईल होणार नाही :-)’ याचा अर्थ फाईल होणार नाही, हसू फक्त नकार मऊ करायला आलंय, त्याला आशेचा किरण समजू नका. कौतुकात अशी विसंगती असेल तर कौतुक करण्यासारखं काही घडलंय का ते बघा. तासभर उशिरा पोहोचल्यावर ‘वा, अगदी वेळेवर ;-)’ आलं तर कोष्टक लागत नाही. मेसेजच्या शेवटी तिरकी रेघ आणि एस असेल तर लिहिणारा स्वतःच सांगतोय की हे उपरोधाने घ्या.

उपरोधाची खूण नसेल आणि शंका असेल तर मजकूर सरळ अर्थाने घ्या. दोष तुमच्या वाचण्यात असेलच असं नाही. क्रुगर आणि एपली या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की आपला उपरोध किंवा गांभीर्य ७८ टक्के वेळा ओळखलं जाईल. वाचणाऱ्यांनी ते ५६ टक्के वेळाच ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज वाजत असतो, तुम्हाला मिळतात ती फक्त अक्षरं.

६. तरी कळलं नाही तर विचारा

पण ‘चिडलास का?’ असं नको. त्याने न चिडलेला माणूसही चिडतो. ‘हे करू की नको, तेवढं सांग’ असं कामापुरतं विचारा. भांडणाची शक्यता असेल तर फोन करा.

७. स्वतः पाठवताना

पैसे, कागदपत्रं, तारखा यांत अंगठा पाठवू नका. ‘मान्य आहे’ किंवा ‘फक्त मिळालं, वाचून सांगते’ असं लिहा. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याला जवस विकण्याच्या कराराचा फोटो मोबाईलवर आला, त्याने अंगठा पाठवला. आपण फक्त पोच दिली, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा म्हणजे सहीच धरली आणि ८२ हजारांहून जास्त कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. त्या दोघांत आधीचे करार ‘ओके’ वगैरे एका शब्दावर पक्के झाले होते, हे कोर्टाने मुद्दाम लक्षात घेतलं.

ओळखीच्या माणसाला एखादा चेहरा पहिल्यांदाच पाठवत असाल तर सोबत दोन शब्द लिहा. आणि प्रत्येक शब्दानंतर टाळ्या वाजवणारे हात पेरू नका. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो, त्यात प्रत्येक इमोजीचं नावही वाचतो. दहा जोड्या हात पाठवले तर त्यांना टाळ्यांचं नाव दहादा ऐकावं लागतं आणि त्यातून तुमचं वाक्य वेचून काढावं लागतं. एक इमोजी, तोही वाक्याच्या शेवटी, पुरतो.