पिकअपमध्ये कोणतं पेट्रोल टाकावं, साधं, 95 का 100?

राजेहो, पहिले हे पाहून घ्या की तुमची गाडी पेट्रोल आहे का डिझेल, कारण आपल्याकडं माल वाहणाऱ्या मोठ्या पिकअप बहुतेक डिझेलच्याच आहेत आणि डिझेलले ऑक्टेन, म्हणजे हा 95-100 चा आकडा, लागतच नाही. तिथं सीटेन, म्हणजे डिझेल किती लवकर पेटते त्याचा आकडा, पाहतात, बीएस-6 डिझेलमध्ये ते कमीत कमी 51 असते आणि कोणत्याही पंपावरच्या साध्या डिझेलमध्ये ते मिळते. त्यामुळं ऑक्टेन वाढवायची बाटली डिझेलच्या टाकीत ओतू नका, त्यानं सीटेन उलट खाली येते. हे सगळं मी टाटा एस पेट्रोल, सुपर कॅरी असल्या छोट्या गाडीवाल्यांसाठी लिहून राहिलो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असं लय लोकं समजतात, तसं नाही. सिलेंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबल्या जाते, तापते, प्लगची ठिणगी पडते आणि तिथून आग पसरत जाते, पण आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटलं तर इंजिनातून टकटक आवाज येते, डब्यात खडे हलवल्यासारखा. तेच नॉकिंग. दाब आणि गरमी सहन करून पेट्रोल किती टिकते तेवढंच हा आकडा सांगते. 100 टाकल्यानं गाडी ओढेल जास्त, हे तेव्हाच खरं जेव्हा इंजिन तसं बनवलेलं असेल, आपल्या मालवाहू गाड्या तशा बनवतच नाहीत.

म्हणून गाडीचं पुस्तक काढा, नाही तर टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. तिथं जो आकडा असेल तो कमीत कमी पाहिजे, त्याच्यावर खर्च करायची गरज नाही. मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ पाहून 87 पेट्रोल शोधू नका, तिकडं मोजायची रीत वेगळी आहे, त्यांचं 87 म्हणजे आपल्या आरओएनच्या (ऑक्टेन मोजायची आपली रीत) हिशेबानं साधारण 91 च होते.

आता पंपावरचं पाहा. आपलं साधं पेट्रोल लय दिवस 91 चं होतं, पण इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून ई20 साठी, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, किमान 95 ठरवलं आहे. म्हणजे पंपावर साधं ई20 मिळत असेल तर निव्वळ 95 आकड्यासाठी प्रीमियमचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवायचं औषध असते ते वेगळं. 100 वालं तर शहरातल्या ठरावीक पंपांवर मिळते आणि लय महाग पडते, मालाच्या गाडीले ते परवडतच नाही. इथेनॉलनं मायलेज थोडं कमी होते हे मात्र खरं आहे, ते ऑक्टेन वाढवून भरून निघत नाही.

माझंच सांगतो. मे महिन्यात परतवाड्यावरून कांद्याची पोती भरून चिखलदऱ्याचा घाट चढत होतो, बाहेर ऊन असं की स्टेअरिंगले हात लावू वाटत नव्हता, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की टकटक सुरू. एका मिस्त्रीनं सांगितलं 95 च्या वरचं टाक, म्हणून शहरात जाऊन दोन टाक्या महागाच्या भरल्या, आवाज जरासा कमी झाला पण गेला नाही. मग दुसऱ्या मिस्त्रीनं प्लग खोलून दाखवले, टोकं पांढरी भकभकीत पडली होती, म्हणजे इंजिन जास्त तापत होतं, आणि कूलंटची डबी पाहिली तर मिनिममच्या रेषेच्याही खाली. कूलंट भरलं, प्लग नवीन टाकले, साधंच पेट्रोल भरलं आणि त्याच घाटात चढणीच्या आधी दुसरा गिअर टाकला, आवाज आला नाही.

म्हणून टकटक आली की पहिले गिअर खाली घ्या, मग कूलंट, प्लग पाहून घ्या, गाडी जुनी असेल तर आत साचलेला कार्बनही तपासा. नॉक सेन्सर (टकटक ओळखणारं यंत्र) असलेल्या गाडीत सहसा आवाज येत नाही, कॉम्प्युटरच ठिणगीचं टायमिंग मागं घेते आणि गाडी ओढ कमी देते. सगळं ठीक असून त्रास राहिला तरच एक टाकी जास्त ऑक्टेनची भरून पाहा, तोच रस्ता तोच लोड ठेवा, फरक वाटला नाही तर परत साध्यावर या.

आणि एकाच पंपावरून भरल्यावर टकटक सुरू झाली तर भेसळीचा संशय घ्या, रॉकेल मिसळलं की ऑक्टेन खाली जाते. फिल्टर पेपर टेस्ट (कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहतात) मागायचा तुमचा हक्क आहे, घनताही पाहता येते, भांडण न करता शांत मागा. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट लावा, इथेनॉल पाणी ओढते आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासोबत टाकीच्या तळाशी बसते, मग वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही कमी होते. 2023 च्या आधीची गाडी असेल तर ती ई20 साठी बनवलेली नसू शकते, म्हणून रबराचे पाईप सर्व्हिसिंगले दाखवून घ्या.

पंपावर उभं राहिलं की पोरानं नोझल उचलायच्या आधीच "साधं टाक" असं सांगा आणि मशीनवरचा भाव बघा, प्रीमियमचं नोझल बाजूलेच असते, गडबडीत तेच लागते आणि एकदा टाकीत गेलं की परत निघत नाही.