तासाचा दर असा बसवला

मी पुण्यात घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेते. दिवसभर लॅपटॉपसमोर बसूनही महिन्याचा मेळ बसेना, म्हणून टॉगल या वेळ नोंदवणाऱ्या ॲपचा टायमर लावून बारीकसारीक सगळं नोंदवलं: फोन, कोटेशन, जुन्या फाइली शोधणं, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा. आठ तासांतले जेमतेम पाच तास कुणाच्या तरी बिलात जात होते. (व्हॉट्सॲपवरच्या ‘लोगो जरा मोठा करा ना’ला वेगळा रकाना द्यावा लागला!)

मग गणित उलट बाजूने मांडलं. 52 आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे 260 दिवस. गणपती, दिवाळी, आजारपण, पाहुणे यांचे 30 वजा केले, उरले 230. रोज पाच तास धरले की बिलाचे तास 1150. घरखर्च, कर, विमा, सॉफ्टवेअर आणि नव्या लॅपटॉपची तजवीज मिळून वर्षाला 9,20,000 रुपये लागत असतील, तर तासाला 800 पडतात. नोकरीसारखे 260 दिवस रोज आठ, म्हणजे 2080 तास धरले तर तीच रक्कम 442 वर येते. त्या दरात भागणं शक्यच नाही.

आता कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या असतात. तिसरीपासून पाव तासाच्या हिशेबाने पैसे. आठवड्याला 25 तासांहून जास्त काम कबूल करत नाही. बहुतेक कंपन्या बिलाचे पैसे देतानाच 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो रिटर्न भरताना करात वळता होतो, पण तोवर हातात नसतो. म्हणून महिन्याचा खर्च बिलाच्या 90 टक्क्यांवरच आखते.